ऋण त्वरणाचे आठ गुण

६ फेब्रुवारी

चि. वकीलबाईस,
मामाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र येऊन पाच महिने झाले आणि उत्तर माझ्याकडून राहिलं, हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे तुला भांडायला पहिलाच मुद्दा मिळणार नाही. तुझ्या मामीच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. आता तिला घरातली सगळी धूळ दिसायला लागली आहे आणि तिच्या मते ती सगळी मीच केली आहे. माझे गुडघे कुरकुरतात, पण तीन जिने अजून चढतो.

आमच्या खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या एक बाई राहतात. वय पन्नास. शाळेची शेवटची परीक्षा बाहेरून द्यायचं त्यांनी यंदा मनावर घेतलंय. रोज दुपारी दोन वाजता मोजायची टेप गळ्यात तशीच ठेवून वर येतात आणि तासभर माझ्याकडे विज्ञान शिकतात. मागच्या आठवड्यात त्वरणाचा धडा आला. एकतीस वर्षं वर्गात जे सांगितलं तेच मी सांगितलं, की वेग वाढत असेल तर त्वरण धन, वेग कमी होत असेल तर त्वरण ऋण, आणि ऋण त्वरणालाच मंदन म्हणतात. बाई लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, सर, वर जायची दिशा आपण धन धरली, मग चेंडू खाली पडताना त्वरण ऋणच राहिलं ना, ते खालच्याच दिशेला आहे. पण चेंडू तर जास्त जास्त जोरात येतो. मग ऋण म्हणजे कमी होणं कसं? मी लगेच सांगितलं की तुमचं बरोबर आहे, मीच चुकीचं सांगितलं. चिन्ह फक्त दिशा दाखवतं. वेग आणि त्वरण एका दिशेला असले तर वस्तू जोर धरते, उलट दिशांना असले तर मंदावते. बाईंनी ते वहीत उतरवलं आणि पुढचं गणित विचारलं.

त्या गेल्यावर मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, तू मला विचारला होतास. खिडकीकडची रांग, दुसरा बाक. मी खडू हातात धरून विचारलं होतं की मग तुझा चेंडू ब्रेक लावून पळतो वाटतं, आणि सगळा वर्ग हसला होता. तू बसली नाहीस. मग मीच तुला बसवलं. वार्षिक परीक्षेतही तू तेच लिहिलंस आणि आठ गुणांच्या त्या प्रश्नाला मी शून्य दिलं.

तेव्हा तू बरोबर होतीस, हे मला आता, या वयात उमगलं. उशीर झाला खरा. पण कळवल्याशिवाय राहवेना म्हणून लिहिलं. जावईबापूंना आशीर्वाद सांग. मामावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा मामा

१९ फेब्रुवारी

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मामींचा डोळा बरा झाला हे वाचून आनंद झाला आणि तुमची कीवही आली. त्यांना म्हणावं, कपाटाच्या वर बघायचं राहिलंय.

इकडे सगळं ठीक. ह्यांच्या बेकरीत नवीन भट्टी आली, तिच्याशी जमवून घेताना पहिला आठवडाभर आम्ही घरी करपलेले पाव खात होतो. माझ्याकडे सध्या एका इस्पितळाच्या चार लिफ्ट आहेत. दोरांची तपासणी झाली, आता ब्रेकचं काम चालू आहे. त्यातली एक लिफ्ट खाली उतरताना इतकी धक्का देत थांबते की तिथल्या परिचारिकांनी तिला खेचर असं नाव ठेवलंय.

आता तुमच्या चेंडूबद्दल. मी बरोबर आहे हे मला कामाला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी पक्कं कळलं. आमच्याकडे डब्याएवढं एक यंत्र असतं. ते लिफ्टच्या जमिनीवर ठेवायचं आणि वरखाली फिरून यायचं, ते त्वरणाची रेघ काढून देतं. वरच्या मजल्याशी येऊन लिफ्ट मंदावते तेव्हा रेघ शून्याच्या खाली जाते. तिथून लिफ्ट खाली निघते आणि वेग घेते, तेव्हाही रेघ शून्याच्या खालीच. एकदा मंदावणं, एकदा वेग घेणं, चिन्ह तेच. तळाशी येऊन थांबताना तर ती मंदावते आणि रेघ मात्र वर. मी ते कागद हातात घेऊन मशीनच्या खोलीत एकटीच हसत उभी होते. तेव्हा तुम्हाला पाठवून द्यावेत असं वाटलं होतं. मग नाही पाठवले.

तुम्ही शून्य लिहिलंत पण पुढचं लिहिलं नाहीत, म्हणून मी लिहिते. विज्ञान शाखेला शाळेच्या त्याच परीक्षेचे गुण धरायचे, तिथे मला तीन गुण कमी पडले. आई तुमच्याकडे येऊन गेली आणि घरी परत आल्यावर तिने मला माफीचं पत्र लिहायला बसवलं. शेजारी बसून एकेक वाक्य सांगितलं. माझी चूक झाली, मी वर्गात उद्धटपणे वागले, असं सगळं. ते तुमच्याकडे पोचलं असेल.

आणि एक विचारू का? नाहीतरी वकीलबाई म्हणताच. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी प्रश्न विचारला आणि तुम्ही लगेच, तुमचं बरोबर आहे, असं सांगितलंत, हे तुम्हीच लिहिलंय. मामा, तुम्हाला एखादी गोष्ट नवीन कळते तेव्हा तुम्ही लगेच हो म्हणत नाही. चष्मा काढता, पुसता, उद्या बघू म्हणता. मामींना विचारा हवं तर. मग हे तुम्हाला नक्की कधी कळलं?

मामींना नमस्कार. उत्तर खरं द्या, एवढीच मागणी.

तुमची भाची

४ मार्च

चि. वकीलबाईस,
अ. आ.

दहा दिवस तुझं पत्र टेबलावर होतं. मामीने दोनदा विचारलं की कुणाचं आहे, आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. आज लिहितो.

मला कळलं त्याच वर्षी. निकाल लागायच्या सहा दिवस आधी. तेव्हा आमचे तपासलेले पेपर दुसऱ्या शाळेतले एक वयस्क मास्तर येऊन पुन्हा चाळत असत. शिक्षकांच्या खोलीत ते माझ्यासमोर बसले होते आणि त्यांच्या हाताला तुझा पेपर लागला. त्यांनी तो वाचला, मागे जाऊन पुन्हा वाचला आणि हळू आवाजात विचारलं की या मुलीने बरोबर लिहिलंय, मग शून्य का. मी म्हणालो, ती माझी सख्खी भाची आहे, मी झुकतं माप दिलं असं उद्या कुणी म्हणायला नको. त्यावर ते म्हणाले, भाची आहे म्हणून जास्त देऊ नका, पण भाची आहे म्हणून कमी तरी का देता? पेपर माझ्यासमोर ठेवून ते चहा प्यायला गेले. त्यांनी निर्णय माझ्यावर सोडला होता.

मी तो पेपर वाचला. तू एकाच चेंडूची पाच चित्रं काढली होतीस, वर जाताना दोन, टोकावर एक, उतरताना दोन. वेगाचे बाण निळ्या शाईने, त्वरणाचे पेन्सिलीने. पेन्सिलीचे पाचही बाण खाली. तिसऱ्या चित्राशी आलो तेव्हा मला सगळं समजलं होतं.

मग मी काय विचार केला तेही सांगतो. माझ्या नोट्सची पुस्तिका त्याच महिन्यात छापून आली होती, पहिल्याच पानांवर ती व्याख्या, वर माझं नाव. मुख्याध्यापकाच्या जागेसाठी माझं नाव पुढे गेलं होतं. आणि ज्या चाळीस मुलांना मी तुझ्यावर हसवलं, त्यांच्यासमोर उभं राहून काय सांगायचं होतं? मी तो पेपर गठ्ठ्यात परत ठेवला. ते मास्तर चहा पिऊन आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढचा पेपर उचलला.

ताई आली ती निकालानंतर दोन दिवसांनी. एवढंच म्हणाली की एकदा पेपर बघ, पोरगी रडत नाही, पण जेवतही नाही. मी तिला सांगितलं की नियम सगळ्यांना सारखा असतो. आमच्या घरात एवढं शिकलेला मी पहिलाच. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. तुझं माफीचं पत्र पोचलं होतं. ते मी उघडून वाचलं आणि त्याच दिवशी फाडलं.

वर्गात मात्र पुढेही तेच सांगत राहिलो, कारण पुस्तिकेत तेच होतं. दरवर्षी तो धडा आला की वाटायचं, यंदा सुधारू. यापुढे तू जे म्हणशील ते.

तुझा मामा

१३ मार्च

ती. मामांना,
नमस्कार.

तुमचं पत्र इस्पितळाच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीबाहेर बसून वाचलं. मग खाली जाऊन खेचराचा ब्रेक पुन्हा एकदा उघडला, उघडायची गरज नव्हती तरी.

माझं आयुष्य तुमच्यामुळे वाया गेलं असं समजून रडत बसू नका. ते वाया गेलेलं नाही. मला माझं काम आवडतं आणि मी ते चांगलं करते. विज्ञान शाखेला जाऊन मी काय झाले असते ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. त्याचा हिशेब आपण दोघांनी करू नये.

माझ्या घशाखाली उतरत नाही ती गोष्ट वेगळी आहे. त्या दिवशी माफीचं पत्र लिहिताना मी आईला म्हणाले होते की मी बरोबर आहे. ती म्हणाली, तुझ्या मामापेक्षा तुला जास्त कळतं का. त्यानंतर आमच्या घरात कशावरूनही वाद झाला की ती म्हणायची, बघ, चेंडूच्या वेळेसारखं करू नकोस. हसत म्हणायची, पण म्हणायची. ती गेली तेव्हाही मी हट्टी आणि चुकीची होते असंच समजून गेली. तुम्हाला सव्वीस वर्षं मिळाली होती, मामा. तिच्याकडे जायला तुम्हाला पाऊण तास लागत होता.

आमच्याकडे यंदा दोन मुली कामाला लागल्या, दोघी तुमच्या शाळेतल्या. खेचराची रेघ दाखवून मी विचारलं की इथे लिफ्ट काय करते आहे. दोघींनी एका सुरात सांगितलं की रेघ खाली आहे, म्हणजे मंदावते आहे. लिफ्ट वेग घेत होती. एकीने दुसऱ्या दिवशी मला पटवायला तिची पुस्तिका आणली. झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं पुसट, पण तुमचं नाव वाचता येतं.

तुम्ही म्हणालात, मी म्हणेन ते. मग माझी माफी मागू नका. शाळेत जा आणि तिथे सांगा. तोवर मला पत्र नको.

भाची

२ एप्रिल

चि. वकीलबाईस,
अ. आ. वि. वि.

शाळेत जाऊन आलो. जसं झालं तसं सांगतो.

विज्ञान शिकवायला आता तुझ्याच वर्गातला एकजण आहे. शेवटच्या बाकावर बसायचा, त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने हसला होता तोच. डोक्यावर केस राहिले नाहीत, पण हसणं तेच. त्याने मला खुर्ची दिली, पाया पडला आणि मी काय म्हणतो ते ऐकलं. त्याला तू आठवत होतीस. तो प्रश्न आठवत नव्हता. म्हणाला, सर, शास्त्र म्हणून तुमचं बरोबर आहे, पण पेपरात मुलांनी तेच लिहिलेलं चालतं, कशाला गोंधळ घालायचा. मी हटलो नाही. शेवटी त्याने मला तासाची शेवटची दहा मिनिटं दिली.

फळा आता पांढरा आहे आणि खडूऐवजी पेन. त्या पेनची सवय नाही म्हणून चेंडू वाटोळा आला नाही. पाच चित्रं काढली, बाण काढले. मग सांगितलं की या शाळेतल्या एका मुलीने मला हे अठ्ठावीस वर्षांपूर्वी बरोबर सांगितलं होतं. मी तिला हसलो, मग तिचं बरोबर आहे हे कळूनही तिला शून्य दिलं, आणि तुमच्या हातातल्या पुस्तिकेत पान चार चुकीचं आहे. मुलं एकमेकांकडे बघत होती. कुणीतरी विचारलं की हे परीक्षेला येणार आहे का. तेवढ्यात घंटा झाली आणि सगळ्यांनी दप्तरं आवरली. तीन-चार जणांनी पान चारवर काट मारली, ते मी बघितलं. मोठं काही घडेल असं वाटून गेलो होतो. तसं काही झालं नाही. शिक्षकाने मला फाटकापर्यंत सोडलं आणि जपून जा म्हणाला.

आता दुसरं. हे मी मागेच लिहायला हवं होतं. तुझ्या पत्रातलं आईबद्दलचं वाक्य खरं नाही. ताईला माहीत होतं.

सहा वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो, त्याच आठवड्यात तिच्याकडे गेलो होतो. ती धुतलेल्या चादरी घडी करत होती. एका चादरीची दोन टोकं तिने माझ्या हातात दिली आणि ती धरूनच मी तिला सगळं सांगितलं, पेपर, ते मास्तर, नोट्स, सगळं. ती घडी घालत घालत माझ्याजवळ आली, माझ्या हातातली टोकं काढून घेतली आणि चादर कपाटात ठेवली. मग म्हणाली, मला सांगून काय उपयोग, तिला सांग. मीच सांगितलं तर तुला सांगायचं राहूनच जाईल. रविवारी सांगतो, असा शब्द मी तिला दिला.

त्यानंतर ती माझ्या घरी कधी आली नाही. जिना चढवत नाही म्हणायची. फोन मात्र करायची. सगळ्यांची खुशाली विचारून झाली की ती थोडा वेळ गप्प राहायची. कशासाठी गप्प आहे हे मला कळत असे. मी मामीच्या डोळ्याचं काहीतरी सांगायला लागायचो. चार वर्षं असं चाललं. मग ती गेली.

हे तुला सांगितल्याने तुझं दुःख कमी होईल की वाढेल, मला सांगता येत नाही. लपवायचं मात्र आता उरलेलं नाही. तुझ्या पत्राची वाट बघायचा हक्क मला नाही. तरी बघतो आहे.

तुझा मामा

२८ एप्रिल

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मामींना नमस्कार सांगा. त्यांना हे सगळं माहीत नसेल तर सांगून टाका, विषय बदलत बसू नका.

शाळेत गेलात ते बरं केलंत. काट मारणारे तीन-चार म्हणजे कमी नाहीत. आमच्याकडच्या त्या दोन मुलींतली एक म्हणते की तिची धाकटी बहीण त्याच वर्गात आहे आणि तिने घरी येऊन सांगितलं की एक म्हातारे सर रडले. तुम्ही ते लिहिलं नाहीत.

आईला माहीत होतं हे वाचल्यावर मी आठवायला लागले. आधी राग आला, की तिने सांगितलं का नाही. मग एकेक आठवलं आणि राग कुठे ठेवावा तेच समजेना.

सहा वर्षांपूर्वीच असेल, एका संध्याकाळी मी कामावरून आले होते. मामाचा फोन आला होता का तुला, असं तिने विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, ते तुझं चेंडूचं काय होतं गं, मला एकदा नीट समजावून सांग. मला वाटलं आता ही पुन्हा टोमणा मारणार. मी म्हणाले, आई, झालं गेलं, आता कशाला. ती बरं म्हणाली.

पुढे तिला तपासणीला नेलं होतं, तेव्हा इस्पितळाच्या लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. लिफ्ट खाली निघाली तशी तिने माझा दंड धरला आणि विचारलं की पोटात खड्डा पडतो तो का, तुझ्या त्या चेंडूसारखंच आहे का हे. मी फोनवर कुणाला तरी काम सांगत होते. होय म्हणाले आणि बोलत राहिले.

तिसरी वेळ ती जायच्या चार दिवस आधीची. औषधांच्या यादीच्या मागची कोरी बाजू तिने पुढे केली आणि म्हणाली, इथे काढून दाखव. सलग दोन पाळ्या करून मी तिच्याजवळ येऊन बसले होते, डोळे उघडे राहत नव्हते. मी म्हणाले, उद्या. दुसऱ्या दिवशी तिला बोलणं जमत नव्हतं.

दर वेळी ती बघत होती की तुम्ही मला सांगितलंत की नाही. सांगायची तुमची पाळी तिने तुमच्यासाठी राखून ठेवली होती, आणि तरी मी समजावून सांगितलं असतं तर, तुझं बरोबर आहे, एवढं म्हणायला तिची काही हरकत नव्हती. तिला तेवढंच म्हणायचं होतं. मी म्हणू दिलं नाही. हे तुमच्यावर ढकलता येत नाही, मामा. दोन आठवडे प्रयत्न करून बघितला.

मी रागावलेली नाही असं लिहायला बसले होते. ते खरं नाही म्हणून खोडलं. मधेच राग येतो, मग तुम्ही चादरीची टोकं धरून उभे आहात असं दिसतं आणि तो जातो, पुन्हा येतो.

एवढ्यात येऊ नका. पुढच्या महिन्यात या, पंधरा तारखेनंतर, तोवर इस्पितळाचं काम संपेल. रिकाम्या लिफ्टमधून तुम्हाला वरखाली नेईन आणि आईला जसं सांगितलं असतं, तसं सगळं पहिल्यापासून सांगेन. तुम्हाला ते येतं हे मला माहीत आहे. तरी मधे न बोलता शेवटपर्यंत ऐका.

तब्येतीला जपा, आणि माझा राग येतो जातो तोवर तुमची माया तेवढी राहू द्या.

तुमची भाची